खानापुरात उशिराची ब्लूबेरी (एलियट) येईल काय?

खानापूरचं_रान:
नमस्कार मंडळी. खानापूरजवळ आमचं थोडं काजूचं रान आहे, माती तांबडी. अक्का मिशिगनला असते, तिच्या परसात ब्लूबेरी आहे, बाकीच्यांची संपली की हिची ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते, जात एलियट. ती म्हणते बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, हवा थंड आहे की, लाव तू पण. इकडं एक नर्सरीवाला रोप देतो म्हणतोय पण जात विचारली तर "हायब्रीड आहे सर" एवढंच. लावू काय? आणि अक्काचं फळ निळंभोर दिसतंय पण आंबट ढ्ढाण, ते कशानं?

ओरेगॉनचा_बेळगावकर:
आधी अक्काचं. एलियट ही १९७३ सालची अमेरिकन सरकारी जात, फुलोरा उशिरा येतो म्हणून वसंतातल्या हिमातनं वाचते, थंड मुलखातले लोक ती त्यासाठीच लावतात. पण तिची खोड अशी की रंग आधी येतो आणि गोडी मागनं, त्यामुळं निळी झाली म्हणून लगेच तोडायची नाही, आठवडाभर तरी झाडावर राहू दे. देठाजवळ तांबूस कडा दिसली की समजायचं कच्ची आहे, आणि बोट लावल्यावर सहज सुटली तर पिकली. जिथं उन्हाळाच थोडा तिथं शेवटची फळं पिकायच्या आधी थंडी येऊन बसते, त्याला इलाज नाही. शेजारी त्याच वेळी फुलणारी दुसरी जात असू दे, लिबर्टी नाहीतर ऑरोरा, दोन्ही मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या. एलियट एकटी पण धरते, पण परपरागानं फळ मोठं होतं.
आता तुझं. एलियट विसर. तिला हिवाळ्यात ७ डिग्रीच्या खाली ८०० तासांच्या वर थंडी लागते, आणि आपल्याकडं एका रात्री पारा ७ ला टेकला तरी पेपरात बातमी येते. संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो ती थंडी वेगळी. झाड जगेल, पण कळ्या नीट फुटणार नाहीत, फळाची वाट बघत बसशील.

टिळकवाडी_टेरेस:
+१. इकडं करायचंच असेल तर सदर्न हायबुश बघा, मिस्टी, शार्पब्लू, बिलॉक्सी असल्या जाती, थंडी कमी लागते. त्यांचं फळ पावसाच्या आत उरकतं हा खरा फायदा, नाहीतर जूनमध्ये पिकायला लागलं की फुटतंय आणि बुरशी धरतंय. आणि जातीचं नाव सांगत नाही त्या नर्सरीतनं रोप घेऊच नका ओ.

चंदगडी_काजू:
कशाला पाहिजे हे सगळं? बांधावर करवंदं हायत की, फुकट, वर जांभळा रंग पण तोच 😄

खानापूरचं_रान:
काका, करवंदं पण खातोय 😀 पण माती तांबडी म्हणजे आम्ल, तेवढं पुरे होत नाही काय?

टिळकवाडी_टेरेस:
तांबडी म्हणून आपोआप चालेल असं नाही. ब्लूबेरीला पीएच ४.५ ते ५.५ पाहिजे, आपली रताळ्याची माती बऱ्याच ठिकाणी त्याच्या वरच असते, आधी टेस्ट करा. मुळं वरच्यावर पसरतात आणि त्यांना केसमुळं नसतात, त्यामुळं चिकट मातीत पाणी तुंबलं की गुदमरून कुजतात, खानापूरच्या पावसात हीच मोठी भीती. म्हणून पहिली रोपं मोठ्या कुंडीत नाहीतर उंच गादीवाफ्यावर लावा, धुतलेलं कोकोपीट, भाताची तुसं आणि थोडी माती, वर भुश्श्याचं आच्छादन. शेणखत गच्च भरू नका, क्षार वाढतात. नत्राला अमोनियम सल्फेट, तेही थोडं थोडं. पोटॅश म्हणून एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) घालू नका, क्लोराइड सोसत नाही.
आणि बोरचं पाणी! लोक मातीचं बघतात आणि पाण्याचं विसरतात. बायकार्बोनेटवालं पाणी घालत राहिलात की पीएच हळूहळू वर चढतंय, मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मिळत नाही म्हणून होतंय ते, लोक खत वाढवतात आणि आणखी बिघडवतात. पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवा, नाहीतर किराणा दुकानातलं लिंबूसत घालून पाणी ५ च्या आसपास आणा, पीएच पट्टी बुडवून बघायची.

खानापूरचं_रान:
बरं, मग आधी पाणीच टेस्टला देतो. अक्काला सांगतो, तुझी जात तुझ्याकडंच ठेव म्हणून.

ओरेगॉनचा_बेळगावकर:
सांग सांग. आणि जाळी आत्ताच आणून ठेव, फळाची खबर तुझ्या आधी बुलबुलाला लागते.