'कौतुक' नको म्हणाल्या, मग काय लिहू?

गोधडी
एका शब्दापाशी अडलेय, जाणकारांनी सोडवावं. मी आठवड्यातून दोन दिवस एका संस्थेच्या दुकानात जाते. लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू तिथे विकतात आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. काम करणारे जवळजवळ सगळे बिनपगारी. त्यांच्यासाठी भिंतीवर फलक लावायचाय. मूळ वाक्य 'वी अप्रिशिएट अवर व्हॉलंटिअर्स'. मी केलं, 'आम्हांला आमच्या स्वयंसेवकांचं कौतुक आहे' आणि कच्चा कागद टेबलावर ठेवला.

आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. जिगसॉ कोडी आली की त्या घरी नेतात, पूर्ण लावून बघतात आणि खोक्यावर बारीक अक्षरात लिहून आणतात, 'एक तुकडा नाही, उजव्या कोपऱ्याजवळचा.' हजार तुकड्यांचं असलं तरी लावतातच. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कौतुक नातवंडांचं करावं. माझं कसलं करताय?" मी त्यांच्या निम्म्या वयाची. तोंडात मारल्यासारखं झालं.

तर, कौतुक वरून खालीच वाहतं का? आणि ते चालत नसेल तर 'अप्रिशिएट'ला काय लिहू? रंगवणारा शुक्रवारी येतोय.

शेवटचं_बाक
बाईंचं बरोबर आहे. साहेबाने शिपायाचं कौतुक केलेलं ऐकलंय. शिपायाने साहेबाचं केलं तर त्याला दुसरा शब्द आहे.

सांजवेळ
असं काही नाही हं. माझी आजी नव्वदाव्या वर्षी बिनचष्म्याने सुईत दोरा ओवायची. सगळ्यांना तिचं कोण कौतुक! त्यात कुणी तिला खाली पाहिलं नाही.

टाचणी
सांजवेळ, नव्वदाव्या वर्षी ओवायची म्हणूनच ना? पन्नासाव्या वर्षी ओवला असता तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. कौतुक लहानांचं होतं, किंवा जी माणसं पुन्हा लहान झाली असं आपण धरून चालतो त्यांचं. बाईंना नेमकं तेच झोंबलं असणार.

शिवाय 'मला त्याचं काही कौतुक नाही', 'पुरे झालं तुझं कौतुक', 'काय ते कौतुक!' असा खवचटपणाही त्या शब्दाला पुरता चिकटलाय. स्वर जरा चुकला की संपलं. भिंतीवरच्या फलकाला तर स्वरच नसतो.

मुळाक्षर
मुळात जाऊ या. कौतुक हे 'कुतुक'वरून, कुतूहलाचं भावंड. संस्कृतात आधी अर्थ उत्सुकता, नवल. लग्नाआधी मनगटाला बांधायच्या मंगल दोऱ्यालाही 'कौतुक' म्हणत. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' यात ज्ञानदेव मराठीची पाठ थोपटत नाहीयेत. तिथे 'सहज, लीलया' अशा अंगाने अर्थ लावतात. म्हणजे शाबासकीचा अर्थ मागाहून आला. मूळ अर्थाने बाईंच्या जिगसॉचं कौतुक म्हणजे नवल वाटणं, आणि नवल तर लहानालाही मोठ्याचं वाटतं. गोधडीताईंचं वाक्य व्युत्पत्तीने निर्दोष आहे.

टाचणी
मुळाक्षरराव, म्हणजे फलकाखाली व्युत्पत्तीची तळटीप रंगवून घ्यायची का?

मुळाक्षर
थट्टा करा, पण आता 'अप्रिशिएट'चं मूळ बघा. लॅटिनमध्ये 'प्रेटियम' म्हणजे किंमत. त्यावरून किंमत ठरवणं, आणि पुढे मोल जाणणं. 'प्राइस' आणि 'प्रेझ' हे दोन्ही इंग्रजी शब्दही त्याच घरातले. आपल्याकडेही तीच वाट आहे. 'कदर' हा अरबी शब्द मुळात माप, योग्यता अशा अर्थाचा.

आडवातिडवा
वा! म्हणजे दुकानात दिवसभर वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसांनाच आता चिठ्ठी लावायची.

पण जपून. 'किंमत ठेवणे' हे मानाचं. 'किंमत करणे' हे बाजारातलं. 'तुझी किंमत कळली' ही जवळजवळ धमकी. एका क्रियापदाने माणूस भिंतीवरून थेट मांडणीत जाऊन बसतो. त्यापेक्षा 'मोल' बघा. मोलाने काम करणारी ती मोलकरीण, म्हणजे तिथे मोल हा रोकडा पगार. आणि 'मोलाची मदत' म्हणजे जिला बहुतेकदा एक छदामही मिळालेला नसतो. 'आपण मोलाने येत नाही, म्हणून मोलाचे आहात.' घ्या, फलक तयार.

गोधडी
हे छान आहे, पण गिऱ्हाईक दारात उभं राहून दोनदा वाचेल.

वेलांटी
कदर, किंमत, शाबास... सगळी परक्यांची उसनवारी. मराठीत गौरव आहे, गुणग्रहण आहे, ते का सुचत नाही? सरळ लिहा, 'स्वयंसेवकांच्या सेवाभावास विनम्र अभिवादन.'

टाचणी
विनम्र अभिवादन? अहो, माणसं जिवंत आहेत.

शेवटचं_बाक
😂 त्यावर हारही लागेल.

वेलांटी
हसण्यावारी नेऊ नका. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायलाच. 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांचे शब्द आज आपण बिनदिक्कत वापरतो. मनावर घेतलं की शब्द रुळतात.

आडवातिडवा
बिनदिक्कत! दिक्कत कुठली हो, वेलांटीबुवा?

वेलांटी
'निःशंकपणे' असं वाचावं.

मुळाक्षर
दोघांनाही एक. 'शाबास' हे फारसी 'शाद बाश', म्हणजे 'आनंदात राहा'. त्यात पाठ थोपटणं नाही, आशीर्वाद आहे. इतकं गोड बोलणाऱ्या शब्दाला घराबाहेर काढायचं आणि त्याच्या जागी 'गुणग्रहण' आणायचं? ते ग्रहणासारखं ऐकू येतं. आणि 'हौस' बघा. अरबी 'हवस'. हिंदीत गेली आणि बदनाम झाली. आपल्याकडे आली ती सालस होऊन. बिनपगारी काम करणाऱ्या माणसाला खरं तर 'हौशी' हाच शब्द...

शेवटचं_बाक
नको! 'हौशी' म्हणजे ज्याला येत नाही पण करायचं असतं तो. हौशी गायक ऐकलेत ना?

सांजवेळ
मला वेगळंच खटकतंय. 'स्वयंसेवक' तरी बरोबर आहे का? आमच्या इथे अशाच दुकानात आतल्या खोलीवर 'स्वयंसेवा विभाग' अशी पाटी होती. तिथे आम्ही पिशव्या सोडून कपडे वेगळे करायचो. एका सकाळी मी चेन तपासत बसले होते तर एक गृहस्थ आत आले, ढिगातून दोन शर्ट उचलले, आरशापुढे अंगाला लावून पाहिले आणि मला म्हणाले, "इथे आपलं आपण घ्यायचं ना?" पाटीप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

टाचणी
'स्वयंसेवक' म्हणजे स्वतःहून सेवा करणारा की स्वतःची सेवा करणारा, हा समास ज्याने त्याने आपल्या अनुभवाप्रमाणे सोडवावा.

आडवातिडवा
'कार्यकर्ता' म्हटलं तर लगेच 'कुठल्या पक्षाचा?' येतं. 'सेवेकरी' म्हटलं तर देवळात गेल्यासारखं वाटतं. आमचे वडील अशा लोकांना एकच म्हणायचे, 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे'.

मुळाक्षर
तुमच्या वडिलांचा नेम चुकलेला नाही. इंग्रजीत 'व्हॉलंटिअर' हा शब्द १६०० च्या आसपास आला तो लष्करातच. भरती न होता आपखुशीने लढायला आलेला शिपाई. नागरी अर्थ नंतरचा. उलट बाजूला आपली 'वेठ', संस्कृत 'विष्टि'. जबरदस्तीचं फुकट काम. फुकट दोन्हीकडे, फरक एवढाच की पाय स्वतःचे स्वतः आले की कुणी आणले.

शेवटचं_बाक
आणि तीन महिन्यांनी 'रविवारी पण याल ना?' सुरू झालं की पहिल्याचं दुसरं होतं. सांगणाऱ्याला कळतही नाही. मी असाच एक ठिकाणाहून सुटलोय.

गोधडी
मंडळी, गुरुवार उजाडला. फलकाच्या दुसऱ्या ओळीत 'एन्करेज'ही आहे बरं का. 'आम्ही त्यांना उत्तेजन देतो' असं लिहिलंय. चालेल?

टाचणी
सत्तरीच्या बाईंना उत्तेजन? प्रोत्साहन करा, हात जोडते.

मुळाक्षर
'उत्तेजन'मधला धातू तिज्, धार लावणं. तेज, तीक्ष्ण तिथलेच. बोथट झालेल्याला पुन्हा पाजळणं. किती नेमका शब्द होता! आता उरला फक्त 'उत्तेजनार्थ बक्षीस' म्हणून, म्हणजे पहिल्या तिनांत न आलेल्यांसाठी. 'मानधन'चीही तीच गत. संस्कृतात 'मानधन' म्हणजे मान हेच ज्याचं धन असा माणूस. म्हणजे अगदी गोधडीताईंच्या दुकानातली मंडळी! आपण ते पाकिटात घातलं.

वेलांटी
पाहा, मी हेच म्हणत होतो. संस्कृतकडे वळा.

आडवातिडवा
'आमचे मानधन स्वयंसेवक' असं लिहा. उद्यापासून सगळे पाकीट मागायला येतील.

सांजवेळ
मी त्या दुकानात दोन वर्षं होते. वर्षाअखेरीला सगळ्यांना छापील प्रशस्तिपत्रक मिळालं, सगळ्यांना एकच मजकूर. माझ्या आडनावाचं शुद्धलेखन चुकलेलं होतं. ते कुठे गेलं माहीत नाही. पण एकदा गल्ला सांभाळणाऱ्या काकांनी विचारलं, "मंगळवारचे कोट कुणी तपासले? एकाही खिशात काही राहिलं नव्हतं." मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "वाटलंच," आणि परत नोटा मोजायला लागले. खिशांत काय काय निघतं ते ज्याने ते काम केलंय त्यालाच ठाऊक. फाटकी तिकिटं, वाण्याच्या याद्या, रुमाल, एकदा तर अंगठी. ती ज्याची त्याला पोचवायला पंधरा दिवस लागले होते. त्या 'वाटलंच'ला काय म्हणायचं? कौतुक तर नव्हतं ते. आभारही नव्हते.

शेवटचं_बाक
दखल.

सांजवेळ
हो. दखल.

मुळाक्षर
अरबी. मूळ अर्थ प्रवेश, आत शिरणं. म्हणून 'दखल घेणे' चांगलं आणि 'दखल देणे' म्हणजे नसती ढवळाढवळ. अशा दुकानांत दोन्ही भरपूर चालतं असं ऐकून आहे.

टाचणी
आणि 'दखलपात्र' म्हटलं की पुढे आपोआप 'गुन्हा' येतो. 'आमचे दखलपात्र स्वयंसेवक'. लावा फलक.

वेलांटी
पुन्हा अरबी. शिवाय पहिल्या संदेशातलं 'आम्हांला' बरोबर की 'आम्हाला', यावर कुणी बोललंच नाही.  फलकावर चूक गेली तर तीच पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाईल.

आडवातिडवा
आणि 'आमच्या' स्वयंसेवकांचं? मालकी कुणी दिली?

गोधडी
आज बाई आल्या होत्या. मी धीर करून विचारलं, मग काय लिहू? त्या म्हणाल्या, "भिंतीवर काही नको. ज्यांत तुकडा कमी आहे त्या कोड्यांना वेगळी फळी द्या. लोक पूर्ण कोड्यांत मिसळतात आणि माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही." फळी रिकामी करून दिली. दोन तास त्या तिथेच होत्या. आता त्या फळीला नाव हवंय. 'अपूर्ण कोडी' बरं दिसत नाही. काय लिहू?

शेवटचं_बाक
'उणी कोडी'.

टाचणी
'उणीदुणी' वाचतील.

वेलांटी
'न्यूनखंड कोडी'.

मुळाक्षर
बाकांचा शब्द सरस आहे. संस्कृत 'ऊन' म्हणजे कमी. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस, एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस. त्या चालीवर ९९९ तुकड्यांचं कोडं 'एकोणहजारी' झालं पाहिजे.

आडवातिडवा
एकोणहजारी! हे आजच लिहा.

वेलांटी
हजार फारसी आहे. 'एकोनसहस्र'.

गोधडी
'एकोणहजारी' लिहिलं, खडूने. पण एकात दोन तुकडे कमी आहेत, ते कुठे ठेवू?