मदत हवी आहे: इथरनेटवरच्या वीज मीटरचा आयपी पत्ता सापडत नाही

नमस्कार मंडळी,

पॅनलमध्ये एक थ्री-फेज वीज मीटर आहे. डिस्प्ले नाही, फक्त इथरनेट पोर्ट आणि दोन-तीन एलईडी. ज्यांनी बसवला त्यांनी पत्ता कुठेच लिहून ठेवलेला नाही. आता त्याचं रीडिंग मॉडबस टीसीपीवर (नेटवर्कवरून मीटरचे आकडे वाचायची पद्धत) सर्व्हरला घ्यायचंय आणि मीटर कुठल्या पत्त्यावर बसलाय तेच कळेना.

केबल बदलून पाहिली, लिंकचा हिरवा दिवा लागतो. राउटरच्या डीएचसीपी यादीत (राउटरने आपोआप पत्ते दिलेल्या उपकरणांच्या यादीत) मीटर दिसत नाही. आमचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, म्हणून १ ते २५४ सगळे पत्ते पिंग केले, म्हणजे उत्तर येतं का ते पाहिलं. जे सापडले त्यातल्या एकाचाही मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) मीटरच्या लेबलवरच्या मॅकशी जुळत नाही. मॅन्युअलमधल्या मूळ पत्त्यावरही उत्तर नाही.

रिसेटचं बटण आहे, पण ते दाबायचं धाडस होत नाही. सीटी (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर) रेशो ४००/५ भरलेला आहे. तो उडाला तर रीडिंग चुकीचं येईल, आणि आजवरचे युनिटही शून्य झाले तर मागचा हिशेबच गेला. रिसेट न करता पत्ता काढता येईल का?

प्रतिसाद:

रिसेट अजिबात करू नका, पत्ता निघेल. मीटरला बहुधा वेगळ्याच सबनेटमधला (पत्त्यांच्या गटातला) स्थिर, म्हणजे हाताने भरलेला, पत्ता दिलेला आहे, म्हणून तुमचं पिंग तिथवर पोचतच नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मीटरची केबल थेट लॅपटॉपला लावा, वायरशार्क (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारा प्रोग्राम) सुरू करून फिल्टरमध्ये एआरपी (कुठला पत्ता कोणाकडे आहे हे विचारणारे संदेश) टाका. मग मीटरचा ऑक्झिलरी सप्लाय (मीटर स्वतः ज्यावर चालतो ती वीज) बंद करून पुन्हा चालू करा. बरीच उपकरणं सुरू होताना स्वतःचा पत्ता पुकारतात किंवा गेटवे (नेटवर्कबाहेर नेणारं उपकरण, बहुधा राउटर) शोधतात. ती हाक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी, असते, त्यामुळे लॅपटॉपचा पत्ता काहीही असला तरी दिसते. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मीटर डीएचसीपीवर आहे आणि त्याला सर्व्हर मिळत नाही असं समजा.

एक कळकळीची विनंती: फक्त ऑक्झिलरीचा फ्यूज काढा, सीटीच्या वायरींना हात लावू नका. लोड चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) उघडी पडली तर तिथे जीवघेणा व्होल्टेज येतो.

धागाकर्ता:

सापडला! सप्लाय दिल्यावर थोड्याच वेळात ओळ आली: १०.०.७.१ कोणाकडे आहे, १०.०.७.४५ ला सांगा. म्हणजे विचारणारा मीटर १०.०.७.४५ वर आहे. पाठवणाऱ्याचा मॅक लेबलशी तंतोतंत जुळला. लॅपटॉपला १०.०.७.२००, मास्क (सबनेटची मर्यादा सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० दिला आणि पहिल्याच पिंगला उत्तर आलं. वेब पानही उघडलं, सीटी रेशो जागच्या जागी आहे. फार मोठं ओझं उतरलं, मनापासून आभार.

आता पत्ता आमच्या नेटवर्कमधला द्यायचाय. डीएचसीपी चालू करू की स्थिर ठेवू?

प्रतिसाद:

सर्व्हर मीटरला पत्त्यावरूनच शोधतो, तेव्हा तो बदलता कामा नये. एकतर राउटरमध्ये मॅकवरून पत्ता राखून ठेवा, नाहीतर डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा स्थिर पत्ता द्या. मी स्थिर देतो, कारण राउटर बदलला तरी मीटर जागचा हलत नाही. पत्ता आधीच कोणी वापरत नाही ना, हे मात्र नक्की पाहा. मास्क आणि गेटवेही त्याच वेळी बदला. सेव्ह केल्यावर पान अडकलं तर घाबरू नका, मीटर नव्या पत्त्यावर गेलेला असतो. लॅपटॉपचा पत्ता परत बदला. काही मीटर रीस्टार्ट केल्याशिवाय नवा पत्ता घेत नाहीत.

धागाकर्ता:

१९२.१६८.१.२४० दिला. पान अडकलंच, पण तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून धीर धरला. मीटर स्विचला जोडला, मॉडबसच्या ठरलेल्या पोर्ट ५०२ वर सर्व्हरला रीडिंग यायला लागलं. पासवर्ड मूळचाच होता, तो बदलला. आणि नवा पत्ता व मॅक मार्करने लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवलाय.