जुना ट्रॅक्टर परस्पर विकायचाय: कुठं पैसा घालावा, कुठं घालू नये?

जिंतूरकर_शेती

४५ एचपी, तीन सिलिंडर, २०१४ चं मॉडेल, नंबर एमएच २२. शोरूमवाले एक्सचेंजमध्ये फारच कमी भाव धरायलेत म्हणून परस्पर विकायचा विचार आहे. सध्याची अवस्था अशी: सकाळी पहिला सेल्फ मारला की मिनिटभर निळसर धूर येतो, मग बंद होतो. मोगडा (ढेकळं फोडायचं अवजार) उचलून धरला की मागची हायड्रॉलिक लिफ्ट बारीक बारीक नाचते. मागच्या टायरला भेगा आहेत, पण नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. अवर मीटर बंद. कर्ज फिटलंय, आरसीवर बँकेचं नाव मात्र तसंच. ट्रॉलीला नंबर नाही.

इंजिनचं काम करूनच विकायला काढावा का? रंग मारावा का, टायर नवे टाकावेत का? आणि गिऱ्हाईक बीड-जालन्याकडचं निघालं तर कागदाचं कसं करायचं?

मिस्त्री_परभणी

इंजिन खोलू नका दादा. स्लीव्ह-पिस्टनच्या कामाला घातलेला पैसा विक्रीत परत येत नाही. उलट नुकतंच इंजिन काम झालंय म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, असं काय झालं होतं?

तुमचा धूर फक्त सकाळी, तोही मिनिटभर, म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. रात्रभरात तेल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर लोडवर कायम निळा धूर राहिला असता. खात्री करायची तर इंजिन गरम झाल्यावर स्लोवर ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा. हलकी वाफ आली तर ठीक. फसफस करून झाकण उडवायला लागलं तर रिंगांनी दम सोडलाय, मग भाव त्या हिशेबानं धरा.

गिऱ्हाईकाचा मिस्त्री पहिल्यांदा डिपस्टिक (इंजिनातलं तेल बघायची पट्टी) काढतो. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय: हेड गॅस्केट नाहीतर स्लीव्हचे ओ-रिंग. तेलाची पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पंपाचं सील नाहीतर फीड पंप. ही दोन दुखणी मात्र विकण्याआधी काढाच, नाहीतर सौदा तिथंच मोडतो. मग रेडिएटर. इंजिन थंड असताना झाकण काढायचं, चालू करून रेस द्यायची. बुडबुडे सलग येत राहिले तर हेड गॅस्केटकडून गळती आहे.

तेल बदलायचं तर १५डब्ल्यू-४०च टाका आणि फिल्टरचं बिल जपून ठेवा. ठोका आणि धूर दाबायला काही जण ९० नंबरचं जाड तेल ओततात. जाणता माणूस डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळूनच ते ओळखतो आणि मग तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

लिफ्ट नाचते ते मात्र करून घ्या. पंपानं चढवलेलं तेल आतल्या आत गळतं, भुजा खाली येतात, कंट्रोल व्हॉल्व्ह त्यांना परत वर ढकलतो, म्हणून ती नाचते. आधी हायड्रॉलिकच्या तेलाची पातळी बघा आणि गाळणी साफ करा. तरी फरक पडला नाही तर लिफ्टचं कव्हर उतरवून सिलिंडरच्या पिस्टनचा ओ-रिंग, मग कंट्रोल व्हॉल्व्ह. सील किट स्वस्त असतं, मजुरी कव्हर उतरवायची. दुरुस्तीनंतर मोगडा उचलून इंजिन बंद करा. काही मिनिटांतच तो जमिनीला टेकला तर काम नीट झालेलं नाही. गिऱ्हाईकही हेच करून बघणार, कारण पेरणी यंत्राची खोली लिफ्टवरच अवलंबून असते.

पुढचा एक्सल जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग किंवा किंगपिनचा बुश. डावं-उजवं हलवून लागला तर टाय रॉडची टोकं. काळ्या मातीत आणि उसाच्या ट्रॉलीखाली हे बुश सगळ्यांत आधी जातात आणि खर्चाच्या मानानं फरक फार दिसतो. सगळ्या निपलांना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा, एक्सलची मधली पिन विसरू नका.

क्लचसाठी: मोठा गिअर, ब्रेक दाबलेला, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. तसंच चालत राहिलं तर प्लेट घसरते.

कागदवाला_सेलू

मिस्त्रींनी यंत्राचं सांगितलं, पण सौदे कागदावर जास्त अडकतात. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा) घ्या, दोन प्रती. जुनी एनओसी घरात पडून असली तरी ताजीच मागा. ट्रॅक्टरच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावरही चढवलेला असतो. तो आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडं जावं लागतं. ट्रॅक्टर अनुदानावर घेतला असेल तर हमीपत्रात विक्रीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

आरसीला जोडलेला मोबाईल नंबर अजून चालू आहे का बघा, ओटीपी तिथंच येतो. गाडीवर ई-चलान थकलंय का तेही तपासा.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. घेणारा बीड (एमएच २३) किंवा जालन्याचा (एमएच २१) असेल तर त्याच्या आरटीओत आणखी काय लागतं ते इसार घेण्याआधी विचारा. आणि सह्या करून कोरे फॉर्म देऊन मोकळं होऊ नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, आणि नाव बदललं की नाही हे परिवहनच्या साइटवर स्वतः बघत राहा.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही, आयकर कायद्याचा नियम आहे. आरटीजीएस खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. नंबर नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या सौद्यात गुंडाळू नका. तिचा भाव वेगळा बोला आणि पावतीत "विनानोंदणी" असं स्पष्ट लिहा.

काळी_माती

रंगाबद्दल: बोनेट-मडगार्डवर गंज चढला असेल तेवढा घासून मूळ रंगाचा हात द्या. इंजिन ब्लॉकला, गॅस्केटच्या सांध्यांना, बोल्टच्या डोक्यांना ब्रश लावलात की समोरचा समजतो, काहीतरी झाकलंय. चेसिस नंबरवर तर थेंबही नको. केरोसिनच्या फडक्यानं तेवढा पुसून काढा. आरटीओत त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतात, रंगाच्या थरात आकडे उमटत नाहीत.

धुताना डिझेल आणि ब्रश वापरा. डायनामो, सेल्फ, डिझेल पंपावर प्रेशरचं पाणी नको. तापल्या इंजिनवर गार पाणी तर नकोच, हेडला तडा जातो. आणि गिऱ्हाईक येणार त्या सकाळी धुऊ नका. आठवडाभर आधी धुऊन रोजच्या कामाला लावा. कुठं तेल पाझरतंय ते तुम्हाला आधी कळेल, त्यालाही स्वच्छ दिसेल.

टायर नवे नकोत. भेगा असल्या तरी नक्षी पट्टीनं मोजून आकडा सांगा. फक्त दोन्ही मागचे टायर एकाच मेकचे आणि सारख्या उंचीचे असावेत. वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरलेलं असेल तर तेही सांगा.

जिंतूरकर_शेती

लिफ्टचं काम उद्याच टाकतो. अवर मीटरची नुसती केबल तुटलीय, बसवावी का? आणि बॅटरी थोडी सुस्त आहे.

मिस्त्री_परभणी

केबल बसवा, पण आकड्याला हात लावू नका. मध्ये मीटर बंद होतं हे पावतीत लिहा, नाहीतर नंतर तास लपवले म्हणून भांडण होतं.

बॅटरी नवी नको. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवा, पातळीपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला, रात्रभर चार्जिंगला लावा. सेल्फ सुस्त फिरला की गिऱ्हाईक इंजिनलाच नावं ठेवतं. तरी ओढत नसेल तर अर्थिंगची केबल बघा, निम्म्या वेळा दोष तिथंच असतो.

काळी_माती

आणि विकायला काढायचा तर मृगाच्या आधी काढा. पेरणी उरकली की तोच माणूस दसऱ्यापर्यंत थांबू म्हणतो. इंजिन आधीच गरम करून ठेवू नका, बोनेटला हात लावून बघणारे असतात. सकाळचा धूर त्यांना समोरच दिसू द्या, कारणही सांगा.