कोयनेचा भूकंप: धरणाचा की खडकातल्या ताणाचा?

पाटणखोरं: आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली की घरोघर एकच वाक्य, ‘धरणानं केलं.’ मला हे पटत नाही. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो रेटा पार दख्खनच्या खडकापर्यंत पोचतो. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या. ही आडव्या रेट्याची खूण. पाण्याच्या वजनाचं म्हणाल, तर 100 मीटर पाण्याच्या सव्वाशेपटीहून जास्त भार 5 किलोमीटर खोलीवर नुसत्या दगडाचाच असतो.

हेळवाक: वजनाचा हिशेब बरोबर, पण अर्धा. पाणी भेगांतून झिरपतं त्याचं काय? गरम पाण्याने विसळलेला पेला ओल्या, किंचित उतरत्या ओट्यावर उपडा ठेवून बघा. आतली हवा तापते, पेला केसभर उचलला जातो आणि कुणी हात न लावता सरकतो. भेगांत दाबाखाली शिरलेलं पाणी भ्रंशाच्या दोन बाजूंची पकड अशीच सैल करतं. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि धक्के सुरू झाले. त्या पहाटे 200च्या आसपास माणसं गेली. त्यांच्या घरी जाऊन ‘दोष खडकाचा’ असं मी तरी म्हणू शकणार नाही.

पाटणखोरं: माणसं गेली ती आमचीच, दादा. पण ओटा सपाट असता तर पेला उतरला असता का? तो उतार म्हणजेच ताण. उजनीत कोयनेपेक्षा जास्त पाणी मावतं, तिथे धक्क्यांची अशी रांग लागली नाही.

औसेकर: आम्हा लातूरकरांना विचारा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. किल्लारीला कोयनेएवढं धरण नव्हतं, तरी एक बाजू दुसरीवर चढली. आडवा रेटा मोठा आणि वरचा भार सगळ्यांत कमी असला की असंच होतं.

वारणाकाठ: मग आमच्याकडे उलटं कसं? 1985पासून चांदोली धरणाचं पाणी साठू लागलं, पुढे धक्के दक्षिणेला आमच्या बाजूला आले. इथे बऱ्याच धक्क्यांत एक बाजू खाली घसरते. म्हणजे इथे उभा भार वरचढ. सगळीकडे हिमालयाचाच रेटा म्हणून कसं चालेल?

पाटणखोरं: याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. वीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात ताणाची घडण बदलते हे मान्य. म्हणून तर कोयनेच्या परिसरात 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय. बेसॉल्टच्या थराखालच्या ग्रॅनाइटमध्ये जाऊन पाहिल्याशिवाय हे उलगडणार नाही.

हेळवाक: भोक पाडा, जरूर पाडा. पण भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी दाखवलंय की पाणी आठवड्याला 12 मीटरहून जास्त चढतं, तेव्हा 5 तीव्रतेच्या धक्क्याचा धोका वाढतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात कोयनेची पातळी आठवड्याला किती चढली, हा आकडा पाटणच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. मला वाद जिंकायचा नाही, तो आकडा हवाय.

पाटणखोरं: यावर मी तुमच्याबरोबर सही करतो.