वडलांची १९६६ ची एमजीबी विकायचीय, किंमत कशी ठरवू? ठाणे

नौपाडा_नाका
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे वडलांची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार) आहे, १९६६ ची, दोन सीटवाली, सॉफ्ट टॉप, राइट हँड. बाबांनी १९८१ ला दादरच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली, त्यांच्याआधी ती कुठल्यातरी कॉन्सुलेटमधल्या साहेबाची होती आणि एसटीसीमार्फत (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन) विकली गेली होती, तो एसटीसीचा पिवळा पडलेला कागद अजून फाइलमध्ये आहे. बाबांनी रविवार सोडून ती कधी चालवली नाही. सकाळी सहाला येऊरच्या पायथ्यापर्यंत जायचं, येताना मिसळ, नऊच्या आत गाडी कव्हरखाली. असं चाळीस वर्षं.

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. पुढच्या महिन्यात सगळे खाली करणार, आम्ही घोडबंदरला भाड्याने जातोय आणि तिथे एकच पार्किंग मिळतंय, त्यात माझी रोजची गाडी. तीन वर्षं सांगतायत म्हणजे पाच धरा. उघड्यावर ठेवली तर दोन पावसाळ्यात माती होईल, म्हणून जड मनाने विकायचं ठरवलंय.

प्रॉब्लेम असा की किंमतच कळत नाही. एक डीलर येऊन बघून गेला, ८ लाख म्हणाला, वर "तुमच्यावर उपकार करतोय" असा चेहरा. पुण्याचे एक ओळखीचे म्हणतात २२ च्या खाली देऊ नकोस. बाबांनी २०१६-१७ ला ९ लाख घातलेत नुसते पेंट, अपहोल्स्टरी, क्रोम आणि इंजिन कामात, बिलं आहेत. आणि यूकेच्या साइटवर पौंडात बघून रुपयात केलं की तिसराच आकडा येतो. काय धरायचं? ब्रोकर नकोय, डायरेक्ट विकायचीय.

खटारा_प्रेमी
लास्ट प्राइस?

पामबीच_४३
वरच्या भावाने अजून गाडीचा फोटो पण नाही बघितला 😂

नौपाडा, आधी एक सांगा, आरसी कुणाच्या नावावर आहे? तुम्ही "वडलांची" लिहिलंय, "माझी" नाही, म्हणून विचारतोय.

नौपाडा_नाका
बाबांच्याच नावावर आहे अजून. ते २०२३ ला गेले. त्यांनी २०२२ ला रिन्यू केलेली, २०२७ पर्यंत व्हॅलिड आहे, त्यामुळे मी काही हात लावला नाही. आई आहे, एक बहीण आहे नाशिकला. अडचण येईल का?

पामबीच_४३
अडचण म्हणजे आत्ता तुम्ही ती विकूच शकत नाही भाऊ, किमतीचं नंतर बघू. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असते. तुमची मुदत केव्हाच गेली, म्हणजे थोडा लेट फीचा फटका बसेल पण होतं काम. डेथ सर्टिफिकेट, वारस असल्याचा पुरावा, आणि आई आणि बहिणीचं ना-हरकत अ‍ॅफिडेविट. ठाण्याला काय काय मागतात ते खिडकीवर जाऊन विचारा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

हे न करता बाबांच्या सहीचे जुने फॉर्म २९-३० (विक्रीनंतर नाव ट्रान्स्फर करायचे) कोणी "असू देत, चालतात" म्हणालं तर त्याला घरातून बाहेर काढा. मी स्वतः एक स्कूटर अशीच "ट्रान्स्फर करून घेतो" वाल्याला दिली होती. दोन वर्षं चलन माझ्या मोबाइलवर. हसू नका, एकदा तर भिवंडीतलं ट्रिपल सीटचं, फोटोसकट. चलन तरी परवडलं, अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक, नुकसानभरपाई त्याच्याकडूनच. मध्ये गाडी चार हात फिरली असली तरी.

डबल_एसयू
पामबीचने कागदाचं बरोबर सांगितलं. मी गाडीचं सांगतो, कारण याच इंजिनाच्या मागे माझी निम्मी जिंदगी गेलीय. माझं गॅरेज नाही हां, वागळे इस्टेटला नोकरी केली आणि गाड्या छंद म्हणून.

किंमत विचारायच्या आधी दोन नंबर बघून या. चॅसी प्लेटवर जीएचएन३ ने सुरू होतं का बघा, तो रोडस्टरचा पहिला मार्क, म्हणजे पहिली आवृत्ती. आणि इंजिन ब्लॉकच्या उजव्या बाजूला छोटी रिव्हेट मारलेली पट्टी असते तिच्यावर १८जीबी असायला पाहिजे. ६६ ची म्हणजे फाइव्ह बेअरिंगवालं १७९८ सीसी. हे एवढ्यासाठी सांगतोय की आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच खानदानातलं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. चुलत भाऊच. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच एमजींमध्ये मूळ इंजिन दमल्यावर अ‍ॅम्बीचं बसवून टाकलं लोकांनी, बॉनेट उघडल्यावर नवख्याला पटकन कळत पण नाही. मूळ इंजिन असेल तर एक गाडी, अ‍ॅम्बीचं असेल तर दुसरीच गाडी, किमतीत जमीन अस्मानाचा फरक.

९ लाखाचं म्हणाल तर ते विसरा. राग मानू नका. रिस्टोरेशनचा खर्च कधीच पूर्ण वसूल होत नाही, घेणारा तुमचं बिल विकत घेत नाही, गाडी आज कशी आहे ते विकत घेतो. पण बिलं फेकू नका, ती दाखवायला लागतात, काम खरंच झालंय हे त्यांनी कळतं. आणि पौंडाचं गणित पण सोडा. तिकडे एमजीबी गल्लोगल्ली आहेत, अ‍ॅबिंग्डनच्या फॅक्टरीतून १९६२ ते १९८० मध्ये ५ लाख निघाल्या, प्रत्येक स्क्रू कुरिअरने घरपोच. आपल्याकडे गाड्या मोजक्या पण घेणारे त्याहून मोजके.

नौपाडा_नाका
आत्ताच खाली जाऊन आलो टॉर्च घेऊन. चॅसी जीएचएन३, बरोबर. इंजिनवर १८जीबीच आहे, पट्टीवर ग्रीस होतं ते रॉकेलने पुसलं तेव्हा दिसलं. पण गंमत म्हणजे ऑनलाइन आरसी डिटेल्समध्ये १८६बी लिहिलंय! जी चा सहा केलाय कोणीतरी. जुन्या पुस्तकात हाताने लिहिलेलं जी खरंच सहासारखं दिसतं.

आणि रंग. आता लाल आहे, पण डिकीच्या गालिच्याखाली आणि डॅशच्या मागे पांढरट क्रीम रंग दिसतो. बाबांनीच लाल केली असणार, मला लहानपणापासून लालच आठवते.

पामबीच_४३
बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवताना झालेला घोळ, खूप जणांचा असतो. फॉर्म ३१ च्या कामाबरोबरच दुरुस्तीचा अर्ज द्या, जुन्या पुस्तकाची झेरॉक्स आणि पट्टीचा फोटो लावून. हे आत्ता नाही केलं तर घेणाऱ्याच्या आरटीओत इन्स्पेक्शनला नंबर जुळणार नाही आणि तो पैसे परत मागायला दारात उभा राहील.

डबल_एसयू
१८जीबी म्हणजे आनंद आहे! क्रीम म्हणजे बहुतेक ओल्ड इंग्लिश व्हाइट, तो एमजीचा मूळ रंग होता. यूकेमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, चॅसी नंबर दिला की फॅक्टरी लेजरमधून गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठल्या देशात पाठवली ते छापून देतात. मागवून घ्या. त्यातला इंजिन नंबर तुमच्या पट्टीशी जुळला तर जाहिरातीतलं सगळ्यात मोठं वाक्य ते. रंग बदललाय म्हणून थोडं कमी होईल, लपवू मात्र नका, डिकीतला क्रीम रंग कोणीही जाणकार पहिल्या पाच मिनिटांत बघतो.

आता गंज. ही मोनोकॉक बॉडी आहे, खाली वेगळी चॅसी नाही, दरवाज्याखालच्या सिल सडल्या की गाडीचा कणाच गेला. चुंबक घेऊन जा, साधं फ्रिजवरचं, रुमालात गुंडाळून सिलवरून आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यावरून फिरवा. चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग मागचं चाक जॅकवर घेऊन दरवाजा उघडझाप करा, गॅप बदलला किंवा दरवाजा घासला तर सिल कमजोर. ठाण्याच्या दमट हवेत चाळीस वर्षं म्हणजे काहीतरी सापडणारच, सापडलं तर फोटो काढून जाहिरातीत टाका. मी एकदा एका गृहस्थाला फक्त याच कारणासाठी पूर्ण पैसे दिले की त्याने सडलेल्या भागाचा फोटो पहिला टाकला होता.

आणि एक, ६६ ची म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ असणार, बॅटरीचा प्लस बॉडीला. सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन. बघायला येणारा हौशी मेकॅनिक जंप स्टार्ट द्यायला जाईल आणि डायनॅमोची वाट लावेल, त्याला हात लावू देऊ नका.

नौपाडा_नाका
काका तुम्ही हे लिहिलंत आणि मी हसलो. बॅटरीच्या झाकणावर आतून बाबांनी मास्किंग टेपवर निळ्या पेनने लिहिलंय, "प्लस = बॉडी. शहाणपणा नको." ते बहुतेक माझ्यासाठीच होतं, १९९८ ला मी एकदा उलटी लावली होती.

चुंबक फिरवलं. डावी सिल मागच्या बाजूला वीतभर चिकटत नाही. उजवी ठीक. दरवाजा घासत नाही.

सीवूड्सकर
मी मागच्या वर्षी एक जुनी कन्व्हर्टिबल अशीच डायरेक्ट विकली, माझा अनुभव सांगतो. जाहिरात टाकल्यावर पहिल्या आठवड्यात ऐंशीएक फोन, त्यात गाडी घेणारे तीन. बाकी कोणाला लग्नासाठी भाड्याने पाहिजे, कोणाला रील करायचंय, एक जण तर प्री-वेडिंगसाठी "फक्त बसू द्या दहा मिनिटं". मी मग जाहिरातीत लिहिलं की फोनवर चॅसीबद्दल दोन प्रश्न विचारीन, फोन निम्म्यावर आले.

टेस्ट ड्राइव्हला आधी मी चालवायचो, मग आकडा जमल्यावर आणि टोकन आल्यावरच त्याच्या हातात. पाम बीच रोडवर नेऊ नका, तिथे प्रत्येकाच्या पायाला खाज सुटते.

पैसे सगळे बँकेतून घ्या. २ लाख किंवा वर रोख घेणं कायद्यात बसत नाही आणि दंड पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होतो, घेतले तेवढाच. "थोडे कॅश थोडे चेक" वाला आला की समजून जा. ओरिजिनल आरसी पैसे खात्यात दिसल्यावरच द्या, आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ पण लिहा, तासमिनिटासकट, दोघांच्या सह्या. विक्रीचं आरटीओला तुम्ही १४ दिवसांत कळवायचं, तो करेल म्हणून बसू नका.

मला एक विचारायचंय जाणकारांना, ५० वर्षांवरची आहे तर व्हिंटेज रजिस्ट्रेशन करून विकली तर जास्त नाही मिळणार?

पामबीच_४३
माझं मत, करू नका. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, आधीपासून रजिस्टर्ड असेल तर जुना नंबर राहतो, नवीन असेल तर व्हीए सिरीज, वैधता १० वर्षं. ऐकायला भारी. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स असल्याच कारणांसाठी रस्त्यावर आणायची, रोज चालवायची नाही. तुमची साधी आरसी २०२७ पर्यंत जिवंत आहे, घेणारा रविवारी मिसळ खायला जाऊ शकतो. तो हक्क तुम्ही का घालवताय? ज्याला कलेक्शनमध्ये ठेवायचीय तो घेतल्यावर स्वतः करेल. दिल्लीवाला आला तर त्याला मात्र स्पष्ट सांगा, तिकडे १५ वर्षांवरचं पेट्रोल म्हणजे डोकेदुखी, एनओसी देण्याआधी त्याचं त्याने बघून घ्यावं.

डबल_एसयू
शेवटी आकडा, कारण मूळ प्रश्न राहिलाच. जाहिरातीतले आकडे बघू नका, ते मागितलेले असतात. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या दोघातिघांना फोन करून गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात विकलेल्या एमजी कितीला सुटल्या ते विचारा, लोक सांगतात, गॉसिप आवडतं सगळ्यांना. त्यातून डाव्या सिलचं काम आणि रंगाचं वजा करा, मूळ इंजिन आणि एसटीसीचा कागद अधिक करा. मी असतो तर १६ मागितले असते आणि १४ ला हसत दिली असती. ८ वाला डीलर महिन्याने १५ ची जाहिरात टाकणार होता एवढं नक्की. सर्व्हिसचं काही लिहून ठेवलंय का वडलांनी?

सीवूड्सकर
१६ कमी वाटतात काका. मूळ इंजिन, दोनच मागचे मालक, मी १९ ने सुरुवात केली असती.

डबल_एसयू
करा की, जागा असेल तर. त्यांना पुढच्या महिन्यात बिल्डिंग खाली करायचीय, घेणाऱ्याला याचा वास लागला की १९ चे ११ होतात. नौपाडा, रिडेव्हलपमेंटचं कोणासमोर बोलू नका.

नौपाडा_नाका
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अपडेट देतो.

बाबांची वही सापडली, खरं तर चार वह्या. १९८१ पासून प्रत्येक वेळचं पेट्रोल, किलोमीटर, ऑइल, "डावा कार्ब. भुकेला, स्क्रू पाव फेरा" असलं सगळं. शेवटची नोंद मार्च २०२३, अक्षर वाकडं झालंय. स्कॅन करून घेतोय, घेणाऱ्याला स्कॅन देईन, वह्या नाही.

बहिणीने अ‍ॅफिडेविट कुरिअर केलं, पण अट घातलीय की विकायच्या आधी एकदा तिला येऊरपर्यंत चालवायला द्यायची. तिने ती कधीच चालवली नाही, बाबा देत नव्हते. या रविवारी येतेय.

घाई काढून टाकलीय. मित्राचा तुर्भ्याला गाळा आहे, आत कोरडी जागा, सहा महिने ठेव म्हणाला. फॉर्म ३१ आणि १८६बी चं दुरुस्तीपत्र सोमवारी देतोय. ते झालं की १८ मागणार, सिलचा फोटो पहिला. तोपर्यंत खटारा_प्रेमी यांना, लास्ट प्राइस अजून ठरलेली नाही.