'कंपॅनियन पाहिजे' यातल्या कंपॅनियनला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ
आई ७९ वर्षांची, देवगडच्या बाजूला गावात एकटी, मी ठाण्यात. मे महिना नि गणपती सोडले तर वाडीतली निम्मी घरं कुलपात. म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'आईसाठी कंपॅनियन पाहिजे, राहून जेवून, पगार देऊ.' आईने ते शेजारणीकडून वाचून घेतलं नि लगेच फोन, "कंपॅनियन म्हणजे काय ता? माका चाकर नको. रात्री सोबतीक कोण येतला तेवढा बघ."

माझं मत आता असं की सोबतीण लिहायला हवं होतं. कंपॅनियन ही पोस्ट वाटते, सोबत ही करायची गोष्ट आहे. सहावीत असताना मी पलीकडच्या आजींकडे सोबतीला झोपायला जायचो, हातात बॅटरी, वाटेत कुत्रं भुंकलं की धावत, सकाळी चहा नि बटर खाऊन परत. मला कोणी कसलं नाव दिलं नव्हतं, 'सोबतीक गेलो हा' एवढंच म्हणायचे.

पोफळी
अजिबात पटलं नाही. तुमचं चहा-बटरवर भागलं कारण तुम्ही सहावीत होता. आता जी बाई येईल तिला रात्री तीनदा उठून आईंना बाथरूमला न्यायचंय, गोळ्या द्यायच्यात, आंघोळीचं पाणी तापवायचंय. तिला सोबतीण म्हटलं की पगाराचा विषय काढायला तीच लाजणार. माझी मावशी एका घरी अशी 'घरच्यासारखी' राहिली, चार वर्षांत एक रुपया वाढला नाही, सुट्टी मागितली की 'अगं तू काय परकी आहेस का'. इंग्रजांकडेही हाच घोळ होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिकडच्या श्रीमंत बायका पगारी कंपॅनियन ठेवायच्या, बहुतेक चांगल्या घरातली पण पैसा नसलेली बाई, म्हणजे धड नोकरांत नाही नि धड मालकिणीच्या बरोबरीची नाही. सरळ मदतनीस लिहा.

बांगडाप्रेमी
जरा शब्दाच्या पोटात शिरूया का. कंपॅनियन लॅटिनमधून आलाय, 'कॉम' म्हणजे बरोबर आणि 'पानिस' म्हणजे पाव, एका पावातले खाणारे ते कंपॅनियन. त्याच पानिसचा पोर्तुगीजांनी पाव केला आणि तोच आपल्या वडापावात येऊन बसला, म्हणजे हा शब्द परका म्हणायचा तरी कसा 😄 (आपल्याकडे जन्मला असता तर पेजेवरून नाव पडलं असतं.) आणि ज्या 'सोबत'वर एवढं प्रेम चाललंय तो अरबी सुहबत. त्याच धातूचा साहिब, मूळ अर्थ सोबतीच, आपल्याकडे पोचेपर्यंत खुर्चीवर बसून साहेब झाला.

आजीचानातू
साथीदार का नको?

बांगडाप्रेमी
पेपर वाचत नाय काय? 'आरोपीचे दोन साथीदार फरार.' म्हातारीच्या घरात तसला कोण घेतंय.

तारेमोजणारा
थोडं वेगळं. आकाशातही कंपॅनियन असतात. थंडीत किनाऱ्यावरून व्याध बघा, सगळ्यात तेजस्वी तारा. तो वाटेत किंचित हेलकावे खातो यावरून बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये सांगितलं की बाजूला न दिसणारा जोडीदार असणार. तो दुर्बिणीत सापडला १८६२ ला. आकार साधारण पृथ्वीएवढा पण वजन जवळपास सूर्याएवढं, आणि दोघांची फेरी सुमारे ५० वर्षांची. म्हणून मला 'जोडीदार' आवडतो, त्यात दोघं एकमेकांना ओढतात, एक दुसऱ्याचा नोकर नसतो.

पोफळी
छान, पण त्या ताऱ्याला रविवारी सुट्टी लागत नाही. आणि आपल्याकडे जोडीदार लिहिलंत तर स्थळं येतील!

खाडीकाठ
😂 आई मारेल. पण पोफळीताई, मदतनीस म्हटल्यावर आई तिच्याशी बोलणारच नाही, कामं सांगेल फक्त. तिला संध्याकाळी पडवीत बसून गजाली मारायला माणूस हवंय. गडी हा शब्द बघा ना, खेळातला भिडू पण गडी नि शेतावर राबणारा पण गडी, मग सोबतीणीला पगार दिला तर काय बिघडलं?

पोफळी
गडीचंच घ्या मग. खेळ संपला की भिडू घरी जातो, राबणाऱ्या गड्याला कोण घरी सोडत होतं? गजाली मारायच्यात ना, मारू देत, तोही तिचा वेळच आहे, धरा पगारात. तुम्ही ग्रुपवर आकडा किती लिहिलात?

खाडीकाठ
आकडा नव्हता लिहिला. 'योग्य पगार' लिहिलेलं.

पोफळी
वाटलंच.

आजीचानातू
देवगडला नक्की कुठल्या बाजूला? आमच्या नात्यात एक काकी आहेत, रात्रीच्या येतील, पण सकाळी सातला निघणार, घरी गुरं आहेत. शनिवारी नाही. आणि त्यांना काय म्हणायचं ते त्या नि तुमची आई बघून घेतील, आधी आकडा सांगा.