मदत हवी आहे: अंदमानात २२ डाईव्ह झाल्या, आता ५-६ अंशांच्या पाण्यात उतरू का?

[पाणकोंबडी]

नमस्कार मंडळी. शनिवारी जायचंय, वेळ कमी आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. (असं म्हणून मी नेहमीच लांबण लावते, सांभाळून घ्या.)

दोन वर्षांपूर्वी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. नंतर दोनदा तिथेच आणि एकदा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाऊन एकूण २२ डाईव्ह झाल्या. पाणी कायम २८-२९ अंश, अंगात ३ मिमीचा आखूड वेटसूट, कमरेला पाण्याखाली जाता यावं म्हणून ४ किलो शिसं. थंडी म्हणजे तिसऱ्या डाईव्हनंतर बोटीवर दात वाजतात तेवढीच ठाऊक. चहा पोटात गेला की विषय संपला.

आता नोकरीनिमित्त लेस्टरला आहे. ऑफिसातले तिघे मुरलेले डायव्हर आहेत, ते शनिवारी स्टोनी कोव्हला नेतायत. पाणी भरलेली जुनी दगडखाण आहे ती, आत पायरीपायरीने खोल होत जाते. मार्चचा पहिला आठवडा, पाणी ५-६ अंश. तळाशी स्टेनगार्थ नावाची बुडवलेली टगबोट आहे, ती दाखवायचीय म्हणे. सप्टेंबरात त्यांना स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोला जायचंय, १९१९ मध्ये जर्मनांनी स्वतःचंच आरमार बुडवलं तिथे. "यायचं असेल तर आत्तापासून सवय कर," हा त्यांचा धोशा.

ते तिघे ड्रायसूटवाले, म्हणजे आत पाणी शिरतच नाही असा सूट. मला त्यांच्यातला एक ७ मिमीचा सेमी-ड्राय (थोडंच पाणी आत घेणारा जाड वेटसूट), हूड आणि हातमोजे देतोय. तेवढ्यावर भागेल का? रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देतो तो) माझा स्वतःचा आहे, जुना घेतलेला, पण अंदमानात एकदाही कुरकुरला नाही. थंडीत रेग्युलेटर गोठतो असं वाचलं. पाणी ५ अंशांवर असेल तर गोठेल कसा? शिसं किती लावू?

आणि खरी धास्ती वेगळीच आहे. डिसेंबरात मैत्रिणीच्या नादाने एका तळ्यात गळ्यापर्यंत उतरले, तर पाऊण मिनिट श्वासच हातात येईना. पाण्याखाली असं झालं तर? घरी आईला यातलं काही सांगितलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

---

[बर्गनचा_बोका]

नॉर्वेत आठ वर्षं डायव्हिंग करतोय, म्हणून लिहितो. आधी रेग्युलेटर.

सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, एका झटक्यात भोवतालच्या दाबापेक्षा साधारण १० बार वर, इतकी खाली येते. प्रसरण पावताना ती प्रचंड थंड होते. त्यामुळे पाणी ५ अंशांवर असलं तरी आतला धातू शून्याखाली जातो, त्याला लागलेलं पाणी गोठतं आणि झडप उघडीच अडकते. मग हवा धो धो वाहत सुटते. वीस मीटरवर १२ लिटरचा सिलिंडर असा दोन-चार मिनिटांत रिकामा होतो. २८ अंशांना भोवतालचं पाणीच धातूला ऊब देत राहतं, म्हणून तुम्हाला कधी त्रास झाला नाही. त्यात रेग्युलेटरचं कौतुक काही नाही.

आत्ता उठा आणि रेग्युलेटरवर काय कोरलंय ते बघा. युरोपातल्या ईएन २५० मानकात थंड पाण्याची चाचणी ४ अंशांना होते. ती न झालेल्या रेग्युलेटरवर '१० अंशांच्या वर' अशी खूण असते. ती असेल तर शनिवारी तो घरीच ठेवा.

चांगला रेग्युलेटर मिळाला तरी पाण्याबाहेर श्वास घेऊन तपासत बसू नका, पर्ज बटण (हवा जोरात सोडणारं) दाबू नका. बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठीच्या जाकिटात, हवा भरायची ती थोडी थोडी, आणि त्याच वेळी श्वास ओढायचा नाही. तरीही वाहायला लागलाच तर माउथपीस ओठांच्या कडेला धरून त्या वाहत्या हवेतूनच श्वास घेत जोडीदारासोबत वर या.

७ मिमीत पहिली वीस मिनिटं निभेल. पण तो सूट खोलात दबून पातळ होतो, ऊब जिथे जास्त हवी तिथेच कमी. दुसऱ्या डाईव्हचा विचार सोडा. शिसं १० किलोच्या आसपास लागू शकतं, पण कुणाच्या आकड्यावर जाऊ नका, काठाला उतरून तरंगून बघा. गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा कमी पुरतं, आणि स्टीलचा सिलिंडर असेल तर आणखी थोडं कमी.

आणि ती टगबोट वीस मीटरच्या खाली आहे. ओपन वॉटरची मर्यादा १८. हे तुमच्या तिघांना आठवतंय का?

---

[डॉक_सोलापूरकर]

तळ्यात झालं तो कोल्ड शॉक. त्वचा एकदम गार पडली की धाप लागते, एक ते तीन मिनिटांत ओसरते. म्हणून सावकाश उतरायचं, चेहरा भिजवायचा, श्वास ताळ्यावर आल्याशिवाय खाली जायचं नाही. तुम्हाला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थंड पाण्यात फुप्फुसांत पाणी साचण्याचा प्रकार होतो, त्यात रक्तदाबवाले जास्त सापडतात. खोकला, दम, गुलाबी फेस, यातलं काहीही दिसलं तर डाईव्ह तिथेच संपली. बाहेर या आणि ऑक्सिजन घ्या.

बोटं बधिर होतात, बकल उघडत नाही. गारठ्यात लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा पाणी पीत राहा. आणि वर आल्याआल्या कढत शॉवरखाली उभं राहू नका, डाईव्हमध्ये त्वचेत विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो.

---

[मालवणी_माणूस]

ताई, गार पाण्याची भीती बरी, ती जपते तरी. माझ्या पाहण्यातले अपघात सगळे कोमट पाण्यातले. पाणी इतकं नितळ की १८ चे २६ कधी झाले कळत नाही. नेत्राणीचा प्रवाह तुम्ही अनुभवलाच असेल. लायनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, हे किती जणांना माहीत असतं? हॅवलॉकला बेंड्स, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे, झाले तर त्यावर उपचाराचं रीकॉम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवायची खोली) पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, मध्ये बोटीचा प्रवास. बर्गनवाल्यांना +१. घाई नको.

---

[पाणकोंबडी]

बघितलं. खूण आहे. सेकंड स्टेजच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या बाजूला, इतकी बारीक की मोबाईलच्या टॉर्चमध्ये दिसली. दोन वर्षं ती तोंडाजवळ घेऊन फिरतेय मी!

टगबोटीचं तिघांतल्या एकाला फोनवर विचारलं तर पलीकडून मिनिटभर शांतता. मग म्हणाला, "बरं, वरच्या टप्प्यावरच राहू." आता ठरलंय असं: शनिवारी मी काठावर थर्मास घेऊन उभी. पुढच्या गुरुवारी त्यांच्या क्लबच्या तरण तलावात ड्रायसूट शिकायचा, पायांत हवा जाऊन उलटं झालं की सरळ कसं व्हायचं तेही. खाणीत एप्रिल-मेनंतर.

रक्तदाब नाही, डॉक. बोका, ड्रायसूटच्या आत काय घालता? दुकानात अंडरसूटची किंमत बघून कोल्ड शॉक बसला. सुती चालत नाही एवढं कळलंय. आईने विणलेला लोकरीचा स्वेटर चालेल का?